बोलत्या पुस्तकांची लायब्ररी: डोळे शाबूत, हात गेलेले, अशा वाचकाचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, सेवा घ्या. छापील पुस्तक ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी याच्याइतकं कामाचं दुसरं काही मला तरी दिसलेलं नाही, आणि पैसे लागत नाहीत. फक्त घेताना बघायचं काय हे कोणी नीट सांगत नाही, सगळे आपले किती पुस्तकं आहेत आणि आवाज किती गोड आहे यावरच गाडी थांबवतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. मोठं झालंय, सवडीनं वाचा, नाहीतर फोनलाच वाचायला लावा.

माझी केस थोडी आडवळणाची आहे. डोळे एकदम ठणठणीत, लांबचा बोर्डही वाचतो. पण स्नायूंचा आजार आहे आणि हातात जोर उरलेला नाही. जाडजूड कादंबरी सोडाच, साधं मासिक थोडा वेळ धरलं तरी बोटं सोडून देतात, आणि पान उलटायचं म्हणजे घरातल्या कुणाला तरी हाक. आता दर दोन मिनिटांनी हाक मारून रहस्यकथा वाचून बघा, खुनी सापडायच्या आत घरातला माणूस वैतागून उठून जातो. टॅबवर ई-बुक वाच असं सगळे सुचवतात, तेही केलं, पण बोट थरथरलं की एकाऐवजी चार पानं पुढं, मग मागं, मग परत पुढं, आणि वाचायचं राहूनच जातं. तर असा मी ऐकून वाचण्याकडे आलो.

लोक म्हणतात, मग ऑडिओबुकची अ‍ॅप्स ढिगानं आहेत की, घे सबस्क्रिप्शन आणि ऐक. तीही वापरतो मी, वाईट नाहीत. पण तिथं जे खपतं तेच असतं, आणि त्यात त्यांचं काही चुकतंय असंही नाही, रेकॉर्डिंगचा खर्च निघायला पाहिजे ना. त्यामुळं अभ्यासाची पुस्तकं, जुने संदर्भग्रंथ, तळटीपांनी भरलेले इतिहास यांच्या वाटेला कोणी जात नाही. दुसरा रस्ता साध्या पब्लिक लायब्ररीच्या ऑडिओबुक अ‍ॅपचा, लिबी वगैरे. तिथं लायब्ररी प्रकाशकाकडून परवाना घेते आणि बऱ्याच परवान्यांत एक कॉपी एका वेळी एकालाच, म्हणजे साधी फाइल असूनसुद्धा तुम्ही रांगेत, गाजलेलं पुस्तक असेल तर नंबर कधी लागेल देव जाणे. फाइलसाठी रांग, हा प्रकार मला अजून पचलेला नाही.

अपंग वाचकांसाठीच्या लायब्रऱ्यांचं गणितच वेगळं. त्या कॉपीराइट कायद्यातल्या सवलतीवर चालतात, म्हणजे प्रकाशकाच्या दारात न जाता पुस्तकाची सुलभ प्रत, म्हणजे ऐकायची किंवा ब्रेल वगैरे, बनवायची आणि फक्त पात्र वाचकांनाच द्यायची. भारताच्या कायद्यात ही सोय २०१२ च्या दुरुस्तीनं आली. जगाच्या पातळीवर माराकेश करार, तो २७ जून २०१३ ला झाला आणि ३० सप्टेंबर २०१६ पासून लागू झाला, आणि त्याला सगळ्यात आधी मंजुरी देणारा देश भारत, २०१४ मध्येच. या कराराचा खरा उपयोग असा की एका सदस्य देशात बनलेली सुलभ प्रत दुसऱ्या सदस्य देशातल्या वाचकाला पाठवता येते, तेच पुस्तक दहा देशांत दहा वेळा रेकॉर्ड करत बसायला नको. बुकशेअर ही अमेरिकेतली अशीच ऑनलाइन लायब्ररी २००२ पासून आहे, तिथं आता दहा लाखांच्या वर पुस्तकं आहेत, भारतात सुगम्य पुस्तकालय २०१६ मध्ये सुरू झालं. अशा ठिकाणी रांगेची भानगड सहसा नसतेच, उतरवलं की सुरू.

पण "पात्र वाचक" म्हणजे कोण? इथं माझं रडगाणं सुरू होतं.

माराकेश करारात तीन प्रकारची माणसं सरळ लिहिलेली आहेत. एक, अंध. दोन, ज्यांची दृष्टी अधू आहे किंवा डिस्लेक्सियासारखी वाचण्याची अडचण आहे. तीन, शारीरिक अपंगत्वामुळं ज्यांना पुस्तक धरता किंवा हाताळता येत नाही, किंवा डोळे वाचण्यापुरते स्थिर ठेवता किंवा फिरवता येत नाहीत. तिसरा मी. आणि ही काही परवाची नवी कल्पना नाही. अमेरिकेतली सरकारी सेवा, जिला आता सगळे एनएलएस म्हणतात, ती १९३१ च्या कायद्यानं फक्त अंध प्रौढांसाठी सुरू झाली, १९५२ मध्ये मुलं आली आणि १९६६ मध्ये शारीरिक अपंग वाचक आले. म्हणजे हातांचीही अडचण असू शकते हे निदान १९६६ पासून लोकांना माहीत आहे.

तरी मी ज्या लायब्ररीची सेवा घेतो (नाव घेत नाही, माणसं चांगली आहेत) तिच्या फॉर्मवर दृष्टिदोषाची टक्केवारी भरल्याशिवाय पुढचं पानच उघडत नव्हतं. शेवटी शून्य टाकलं. मग फोन आला.

"सर, तुमचं डोळ्यांचं सर्टिफिकेट जोडलेलं नाहीये."

"मॅडम, डोळे चांगले आहेत माझे."

"मग आमच्याकडे अर्ज कशाला केलाय?"

त्या मॅडमचा दोष नाही, त्यांच्या स्क्रीनवर जे रकाने होते तेच त्या विचारत होत्या. पण समजावता समजावता माझा घसा बसला. त्यांनी वरच्या साहेबांना विचारलं, साहेबांनी नियमावली काढली, त्यात माझ्यासारख्यांचा उल्लेख होता, आणि मग काम झटक्यात झालं. म्हणजे नियमात जागा आहे, फॉर्ममध्ये नाही. तुमची केस हातांची, मानेची, पाठीची, कंपवाताची असेल तर अर्जासोबत डॉक्टरांकडून एकच वाक्य स्पष्ट लिहून घ्या, की या व्यक्तीला छापील पुस्तक धरता किंवा पानं उलटता येत नाहीत. आजाराचं लांबलचक लॅटिन नाव लिहून काहीच होत नाही, वाचणाऱ्याला त्यातून हात कळत नाहीत. सही कुणाची चालते हेही विचारा, कारण सगळीकडे मोठा डॉक्टरच लागतो असं नाही. एनएलएसकडे नर्स, थेरपिस्ट, सोशल वर्कर यांचीही चालते.

आता मुद्द्याचं. आवाज, संख्या, अ‍ॅपचा रंग हे सगळं नंतर. या सेवेत पहिल्यांदा बघायचं ते हे की पुस्तकात मागं जाता येतं का. हसू नका. कागदाच्या पुस्तकात आपण किती मागं-पुढं करतो हे ते हातातून गेल्याशिवाय कळत नाही. ही मावशी कोण होती म्हणून तीन प्रकरणं मागं जातो, तळटीप बघून परत येतो, नकाशा सारखा उघडतो, कंटाळा आला की पुढच्या प्रकरणाला किती पानं उरली ते चाळतो. ऐकताना हे सगळं बंद. साधी एमपीथ्री फाइल असेल तर तुमच्याकडे फक्त "ट्रॅक ०७" असतो आणि एक बारीक पट्टी, ती बोटानं ओढायची, सोडली तिथं पुस्तक. अकरा तासांच्या पुस्तकात ती पट्टी एक मिलिमीटर सरकली तरी दहा-पंधरा मिनिटांची उडी बसते. चांगल्या हाताच्या माणसालाही जमत नाही, माझ्या हाताचं तर विचारूच नका.

यावरचा इलाज म्हणजे डेझी, बोलत्या पुस्तकांसाठीच बनवलेला फाइलचा प्रकार. स्वीडनमधल्या बोलत्या पुस्तकांच्या लायब्ररीत १९८० च्या दशकाच्या शेवटी यावर काम सुरू झालं आणि १९९६ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या लायब्रऱ्यांनी मिळून डेझी कन्सॉर्टियम काढलं. यात आवाजाच्या खाली पुस्तकाचा सांगाडा असतो. भाग, प्रकरण, उपप्रकरण असे शीर्षकांचे सहा स्तर बसवता येतात, छापील पुस्तकातले पान नंबर टाकता येतात, आणि पूर्ण मजकूर सोबत असेल तर वाक्यागणिक आवाज आणि अक्षरं जुळवलेली असतात. म्हणजे "स्तर एक" ठेवला की पुढचं बटण दाबल्यावर थेट पुढचा भाग, "स्तर दोन" ठेवला की पुढचं प्रकरण, आणि नीट बनवलेल्या पुस्तकात तळटीपा नको असतील तर त्या बंदही करता येतात. हीच आवाज आणि मजकूर जुळवण्याची पद्धत पुढं ईपब ३ या ई-बुकच्या प्रकारात गेली, त्यामुळं आता ईपब पुस्तकांतही ती देता येते.

माझा एक मित्र आहे, जन्मापासून दिसत नाही. आम्ही काही जण मिळून एक जाडं राज्यशास्त्राचं पुस्तक वाचत होतो, दर आठवड्याला चर्चा. कोणी म्हणालं, पान १४२ वरचा दुसरा परिच्छेद बघा. बाकीचे आपापली पुस्तकं चाळतायत, कुणाची आवृत्ती वेगळी, कुणाला खूणच सापडत नाहीये, आणि हा पठ्ठ्या पान नंबर टाकून तिथं पोचून वाक्य वाचून मोकळा. माझ्याकडे त्याच पुस्तकाचं दुसरीकडून आणलेलं ऑडिओ होतं, सलग फाइल, मी गप्प बसलो होतो. दोघंही ऐकूनच वाचणारे, पण पुस्तक त्याच्या हातात होतं आणि माझ्या नुसतं कानात.

म्हणून माझ्या लायब्ररीबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार अशी की कॅटलॉगमध्ये फक्त "ऑडिओ" एवढंच लिहिलेलं असतं. त्यात प्रकरणं टाकली आहेत का, पान नंबर आहेत का, मजकूर सोबत आहे की नुसता आवाज, काहीच कळत नाही. उतरवा, उघडा, मग कळणार. एक आठशे पानी चरित्र उतरवलं तर आत "बाजू १", "बाजू २" अशा फाइली, म्हणजे जुन्या कॅसेटवरून जसंच्या तसं चढवलेलं. मधूनच "कृपया बाजू बदला" असंही ऐकू येतं! कुठली बाजू, बाबा. गंमत वाटते पण अशा पुस्तकात नेमकं प्रकरण शोधणं म्हणजे शिक्षा आहे.

कॅसेटचा विषय निघालाच आहे तर थोडं विषयांतर, कारण मागं जाण्याचं हे दुखणं या सेवेइतकंच जुनं आहे. अमेरिकेत १९३४ मध्ये बोलती पुस्तकं आली तेव्हा ती तबकड्यांवर होती, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या, आणि गाण्यांसाठी हा वेग घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधी अंध वाचक तो वापरत होते. ब्रिटनमध्ये १९३५. तिथं पहिल्या महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी हा खटाटोप सुरू झाला. अमेरिकेतल्या तबकडीच्या एका बाजूला पंधरा मिनिटांच्या आसपास मजकूर मावायचा, म्हणजे एका कादंबरीला तबकड्यांची अख्खी चळत. नंतर तिथं कॅसेट आली, तीही साधी नाही, अर्ध्या वेगानं फिरणारी आणि चार ट्रॅकची, त्यामुळं ९० मिनिटांच्या कॅसेटवर सहा तास बसायचे आणि साध्या प्लेअरवर लावली तर नुसता कलकलाट. प्रकरण शोधायला त्यांनी एक डोकं लढवलं होतं, प्रकरणाच्या सुरुवातीला खालच्या पट्टीतला सूर टाकून ठेवायचे, तो नेहमीच्या वेगात जेमतेम ऐकू यायचा पण टेप भराभर पुढं पळवली की "पीप" वाजायचा, मग पीप मोजत मोजत जायचं. पाचवं प्रकरण हवं तर पाच पीप. तेव्हा एवढा विचार केला होता लोकांनी, आणि आता एवढी साधनं असताना "ट्रॅक ०७"? राग येतो तो याचा.

बरं, पुस्तक चांगलं मिळालं, आता चालवायचं कसं.

मला लायब्ररीनं एक प्लेअर उसना दिला आहे आणि अ‍ॅपही आहे. प्लेअर म्हणजे मोठी बटणं, प्रत्येकाचा आकार वेगळा, दाबलं की बोलून सांगतं कुठलं दाबलं. अंध वाचकांसाठी बनवलेला आहे आणि त्या कामात उत्तम आहे. माझ्यासाठी अर्धा उत्तम. बटण मोठं आहे हे छान, पण घट्ट आहे, दाबायला जोर लागतो. शेवटी तो टेबलाच्या कडेला उताराच्या पाटावर ठेवला आणि मी मनगटाच्या बाजूनं दाबतो. थांबवा-सुरू करा जमतं, दहा सेकंद मागं जमतं, पण स्तर बदलायला वर-खाली बाण आणि ते नेमके शेजारीशेजारी, मनगट दोन्हीवर पडतं आणि मशीन दोन्ही नावं एका श्वासात बोलतं. एनएलएसच्या यादीत फुंकर मारून चालवायचा स्विच आहे, रिमोट आहे, उशीखाली ठेवायचा स्पीकरही आहे. तसलं काही आपल्याकडे आहे का असं मी विचारलं तर पलीकडून बराच वेळ शांतता. तुम्ही जिथून सेवा घेणार तिथं हा प्रश्न आवर्जून विचारा, कारण कधीकधी वस्तू कपाटात पडलेली असते आणि मागणारा कोणी आलेला नसतो.

अ‍ॅपचं वेगळंच. अ‍ॅप टॉकबॅक आणि व्हॉइसओव्हर या, स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या फोनमधल्या सोयींबरोबर झकास चालतं, माझा मित्र त्यावर खूश आहे. प्रत्येक बटणाला नाव दिलेलं आहे, हेडिंगवरून हेडिंगवर उडी मारता येते, कुठं अडत नाही. पण मला दिसतं, त्यामुळं मी टॉकबॅक लावत नाही, आणि तो न लावता वापरलं तर बटणं इतकी बारीक की थरथरतं बोट हमखास शेजारच्यावर. दोन बोटांनी दोनदा टॅप, तीन बोटांनी सरकवा असले प्रकार माझ्यासाठी कसरतच. म्हणजे अंध माणसाला सोपं केलं की सगळ्या अपंगांना सोपं झालं असा यांचा समज आहे, आणि तो जवळजवळ सगळ्या सेवांमध्ये दिसतो. माझी सुटका केली ती फोनमध्येच असलेल्या सोयींनी. अँड्रॉइडवर व्हॉइस अ‍ॅक्सेस, आयफोनवर व्हॉइस कंट्रोल, तोंडानं सांगायचं आणि फोन बटण दाबतो. किंवा स्विच अ‍ॅक्सेस, एक मोठा बाहेरचा स्विच जोडायचा, चौकट एकेका बटणावरून फिरत राहते, हवं ते आलं की दाबायचं. स्विचनं वेळ लागतो पण चुकत नाही. फक्त एक मजा अशी की पुस्तक मोठ्यानं चालू असताना व्हॉइस कंट्रोल कधीकधी निवेदकाचंच ऐकतो. गोष्टीतला माणूस "थांब!" म्हणून ओरडला आणि पुस्तक थांबलं, घरचे हसून लोळले. मग माइकवाला हेडफोन घेतला, त्रास संपला.

लॉगिनबद्दल एकच वाक्य, दर काही दिवसांनी आपोआप बाहेर काढणं आणि परत आत येताना वाकडी अक्षरं ओळखायला लावणं हे अपंगांच्या लायब्ररीत कुणाच्या डोक्यातून आलं असेल त्याला माझा कोपरापासून नमस्कार.

स्लीप टायमर मात्र बघून घ्या, असलाच पाहिजे. अंथरुणावर ऐकणाऱ्या आणि स्वतः उठून बंद न करता येणाऱ्या माणसाला तो चैनीचा नाही. माझ्या अ‍ॅपमध्ये आधी नव्हता, रात्री डोळा लागला की पुस्तक आपलं चालूच, सकाळी उठावं तर कथा संपून परिशिष्ट चालू, शेवट झोपेत अर्धवट कानावर पडलेला आणि आपण नेमके कुठं होतो याचा पत्ता नाही. प्रकरणं टाकलेली असतील तर दोन-तीन उड्यांत जागा सापडते, सलग फाइल असेल तर अर्धी सकाळ त्यातच. परत तोच मुद्दा, मागं जाता येतं का.

आता आवाज. माणसाचा की मशीनचा यावर लोक हमरीतुमरीवर येतात. माझं मत, कादंबरी, आत्मचरित्र, विनोदी काही असेल तर माणूसच पाहिजे, बाकीचं मशीननं वाचलं तरी चालतं, उलट लवकर मिळतं. लायब्ररीचे चांगले निवेदक नाटकी वाचत नाहीत हे मला फार आवडतं. व्यावसायिक ऑडिओबुकात कधीकधी पार्श्वसंगीत, दारं वाजतायत, पाऊस पडतोय, प्रत्येक पात्राला वेगळा आवाज, पहिली दहा मिनिटं भारी वाटतं आणि मग डोकं दुखतं. लायब्ररीचा निवेदक सरळ वाचतो, अर्थाप्रमाणे थांबतो, तक्ता आला की आधी किती रकाने आहेत ते सांगून मग ओळीनं वाचतो, चित्र आलं तर चित्रात काय आहे ते दोन वाक्यांत सांगतो. एका विज्ञानाच्या पुस्तकात हृदयाची आकृती होती, त्या बाईंनी रक्त कुठून आत येतं, कुठल्या कप्प्यातून कुठं जातं, झडप कुठं बंद होते हे असं ओळीनं सांगितलं की मला दिसत असूनही मी छापील आकृती नंतर बघितली नाही, गरजच वाटली नाही. हे काम बहुतेक ठिकाणी स्वयंसेवक करतात, आणि ते किती कष्टाचं आहे हे ऐकताना कळतं. क्वचित कोणी घाईत वाचलेलं असतं, पानं उलटल्याचा आवाज, मध्येच खोकला, चालायचंच.

मशीनच्या आवाजात खरी अडचण आवाजाची नसते, मजकुराची असते. पुस्तक स्कॅन करतात, त्यातून अक्षरं ओळखून घेतात, आणि ते तपासायला माणूस बसवला नसेल तर मजा बघा. पानाच्या डोक्यावर छापलेलं पुस्तकाचं नाव दर पानाला वाक्याच्या मध्ये येतं, "तिनं दार उघडलं आणि", मग पुस्तकाचं नाव, मग "एकशे सत्तावीस", मग "समोर तो उभा होता". देवनागरीत जोडाक्षरं फुटतात, अनुस्वार उडतात, रफार दुसऱ्याच अक्षरावर जाऊन बसतो. इंग्रजीत हे प्रकरण बरंच सुधारलंय, मराठीत अजून माणूस तपासायला लागतोच. त्यात "जावई" आणि "जीवन" मधले दोन ज मशीन नेहमी नीट पाळेलच असं नाही, पण त्याला कान लवकर सरावतो. फुटलेल्या मजकुराला मात्र सरावत नाही. अशा पुस्तकाची तक्रार नोंदवायची सोय आहे का हे बघा, माझ्या लायब्ररीत आहे आणि ते खरंच दुरुस्त करून परत टाकतात, वेळ लागतो पण करतात, याचे पूर्ण मार्क.

वेगाबद्दल थोडंसं. माझा मित्र मशीनचा आवाज इतका जोरात पळवतो की शेजारी बसलेल्याला ते भांडण वाटतं, आणि त्याला शब्द न् शब्द कळतो. ती सवयीची गोष्ट. मी साध्या वेगाच्या किंचित वर. वेग वाढवला तरी आवाज चिरका आणि बारीक होत नाही ना एवढं तपासा, चांगल्या प्लेअरमध्ये होत नाही.

आणि माणसं. हा भाग मला अपेक्षित नव्हता. वर्षानुवर्षं सेवा देणाऱ्या या लायब्रऱ्यांत फोनवर एक तरी माणूस असा असतो ज्याला पुस्तकं माहीत असतात. सुरुवातीला आवडीनिवडीचा फॉर्म भरून घेतात, मग ते स्वतःहून पुस्तकं सुचवतात किंवा लोड करून पाठवतात. माझ्या फॉर्मवर "रहस्यकथा" वाचून पहिल्या खेपेला एका मालिकेचा तिसरा भाग आला, त्यात पहिल्या दोन्ही भागांचे खुनी पहिल्याच प्रकरणात सांगून टाकलेले. फोन केला तर पलीकडचे काका मनापासून हळहळले, मला वाटतं माझ्यापेक्षा जास्त. तेव्हापासून ते पाठवायच्या आधी फोन करून विचारतात, आणि दोन-तीनदा त्यांनी अशी पुस्तकं दिली जी मी नाव ऐकूनही घेतली नसती. कुठलं अ‍ॅप "तुम्हाला हेही आवडेल" म्हणून असलं काही दाखवत नाही.

मार्क द्यायचेच तर पुस्तकांच्या आवाक्याला पाचपैकी साडेचार, निवेदनाला चार, माणसांना पाच, अ‍ॅपला अंध वाचकाच्या हिशोबानं चार आणि माझ्या हिशोबानं दोन, फॉर्मला मार्क नाहीत. नवं कोरं गाजलेलं पुस्तक आलं त्याच आठवड्यात हवं असेल तर ही सेवा तुमची निराशा करेल, रेकॉर्डिंगला आणि तपासणीला वेळ जातोच, तिथं सरळ विकतचं ऑडिओबुक घ्या. अभ्यासासाठी हवं असेल तर डोळे झाकून याच सेवेकडे या, पण पहिल्याच फोनला विचारा की हे पुस्तक पूर्ण मजकुराचं डेझी किंवा ईपब आहे का आणि पान नंबर टाकलेत का. "हो, ऑडिओ आहे" एवढ्या उत्तरावर फोन ठेवू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी घेत असाल तर अ‍ॅपच्या नादी लागू नका, बटणांचा प्लेअरच मागा आणि पहिलं पुस्तक त्यांच्या आवडीचं, आधी वाचलेलं असं द्या, म्हणजे यंत्र शिकताना गोष्ट निसटत नाही.

कॅटलॉगमध्ये पुस्तकाचा प्रकार लिहा आणि फॉर्ममध्ये हातांचा रकाना टाका अशी दोन्ही पत्रं मी लायब्ररीला दिली आहेत. फॉर्म बदललाय, आता "इतर शारीरिक कारण" असा एक पर्याय दिसतो. कॅटलॉगचं काम चालू आहे असं कळवलंय. तुम्हीही सदस्य असाल तर तेवढं एक पत्र टाका, तिकडच्या काकांनीच सांगितलं की मागणी जास्त आली की ते वर लवकर मान्य होतं.